चहाचे आधण आणि सत्तेची आच

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सेन नो रिक्यू हा सोळाव्या शतकातील जपानी चहागुरू आणि त्याला मरणाची आज्ञा देणारा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्यावरील चित्रपटांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. काही पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात 'रिक्यू' हा १९८९ सालचा जपानी चित्रपट दाखवला गेला. दृश्ये आणि संगीत यांनी आम्ही भारावून गेलो. परंतु ज्या माणसाचे काम फक्त चहा करून देणे एवढेच, त्याच्यावर साऱ्या देशाच्या धन्याने इतके का चिडावे, हे शेवटपर्यंत उमगले नाही. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नातील 'फक्त' हा शब्द बाजूला काढला, तर गाठ बरीच सैल होईल. या विधीचे जपानी नाव 'चानोयु' असे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'चहासाठी गरम पाणी', म्हणजे आपल्या बोलीत चहाचे आधण, एवढाच होतो. नाव इतके साधे असले तरी ज्या काळात हे चित्रपट घडतात, त्या काळात चहाचे आधण ठेवण्याचा अधिकार हा सरंजामासारखा बहाल होत असे. हिदेयोशीच्या आधीचा सत्ताधीश ओदा नोबुनागा याने नामांकित चहापात्रे विकत घेऊन, मागून आणि प्रसंगी दडपणाने मिळवून आपल्या खजिन्यात जमा केली होती. पराक्रमी सरदाराला तो त्यांतील एखादे पात्र देई आणि त्याबरोबर औपचारिक चहापानाची बैठक भरवण्याची मुभाही देई. ताकिगावा काझुमासु नावाच्या त्याच्या सेनापतीला १५८२ मध्ये एक अख्खा प्रांत बक्षीस मिळाला. त्यावर त्याने पत्रातून व्यक्त केलेली खंत अशी होती, की आपल्याला खरे तर चहाची पूड ठेवण्याची एक विशिष्ट छोटी बरणी हवी होती, आणि ती मागण्याआधीच हा दूरचा मुलूख गळ्यात पडला. त्याआधी १५७७ मध्ये मात्सुनागा हिसाहिदे या बंडखोर सरदाराने नोबुनागाला हवे असलेले चहाच्या आधणाचे लोखंडी भांडे शेवटपर्यंत दिले नाही, आणि वेढा पडल्यावर ते भांडे व तो दोघेही संपले. त्याने ते भांडे बंदुकीच्या दारूने भरून स्वतःसकट उडवून दिले, ही कथा मागाहून रचलेली आहे. परंतु अशी कथा लोकांना खरी वाटावी, यावरून त्या भांड्यांचे मोल लक्षात येते.

आता रिक्यूकडे येऊ. तो जन्मला १५२२ मध्ये, साकाई या बंदराच्या शहरात, व्यापाऱ्याच्या घरी. कालाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, पैठणला एकनाथ महाराज होते तोच हा काळ. साकाईचे व्यापारी धनको होते, दर्यावर्दी होते आणि बंदुकांचा व दारूगोळ्याचा व्यापारही त्यांच्या हाती होता. १५७५ मध्ये नोबुनागाने रिक्यूला लिहिलेले आभाराचे एक पत्र उपलब्ध आहे आणि ते आभार एक हजार बंदुकीच्या गोळ्या पाठवल्याबद्दलचे आहेत. चित्रपटांतील शांत, मितभाषी, करड्या वस्त्रातील वृद्ध पाहून ज्यांच्या डोळ्यांसमोर एखादा विरक्त साधू उभा राहतो, त्यांनी हे पत्र ध्यानात ठेवावे. नोबुनागाचा १५८२ मध्ये घात झाल्यावर रिक्यू हिदेयोशीच्या पदरी आला. १५८५ मध्ये हिदेयोशी 'काम्पाकु' झाला. म्हणजे सम्राट नावापुरता वर राहिला आणि कारभार याच्या हाती आला. छत्रपती आणि पेशवे यांचे उत्तरकाळातील नाते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. त्याच वर्षी हिदेयोशीने सम्राटासाठी राजवाड्यात चहापान योजले, आणि एका व्यापाऱ्याला राजवाड्यात प्रवेश मिळावा म्हणून सम्राटाकडून त्याला जे नाव देण्यात आले, तेच 'रिक्यू'. पुढच्या वर्षी क्यूशू बेटावरील सरदार ओतोमो सोरिन गाऱ्हाणे घेऊन ओसाकाला आला, तेव्हा हिदेयोशीचा धाकटा भाऊ हिदेनागा याने त्याला सांगितले, की घरातील खासगी गोष्टी रिक्यूला विचाराव्यात आणि राज्यकारभाराच्या मला. ज्याच्याविषयी असे बोलले जाते तो माणूस चहा करून देणारा सेवक नसतो. तो धन्याच्या कानाशी बसणारा असतो.

याहून खोल असा एक मुद्दा आहे आणि माझ्या मते या साऱ्या चित्रपटांचा गाभा तोच आहे. रिक्यूच्या आधी मोल होते ते चीनहून आलेल्या गुळगुळीत, निर्दोष पात्रांना. रिक्यूने चोजिरो नावाच्या कारागिराकडून, जो कौले घडवणारा होता असे मानले जाते, हाताने थापलेले काळे आणि तांबडे वाडगे करवून घेतले. कात्सुरा नदीवरच्या कोळ्याच्या कमरेची मासे ठेवायची टोपली त्याने फुलदाणी म्हणून भिंतीवर टांगली. १५९० मध्ये हिदेयोशीने ओदावाराच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्याच्या वेळी त्याने तिथल्याच बांबूचे पेर कापून त्याची फुलदाणी केली. ती चिरलेली फुलदाणी आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे. थोडक्यात, त्याने ज्यावर बोट ठेवले ते अमूल्य ठरू लागले. हिदेयोशीपाशी सोने होते, सैन्य होते, किल्ले होते. पण सोन्याहून मौल्यवान काय, हे ठरवणारी टांकसाळ एका व्यापाऱ्याच्या डोळ्यांत होती. सामान्य शेतकरी-शिपायाच्या घरातून वर आलेल्या आणि दरबारी लोकांच्या नजरेतील तुच्छता आयुष्यभर ओळखून असलेल्या माणसाला हे किती काळ सोसवले असते?

'रिक्यू' या चित्रपटाच्या प्रारंभीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा आठवून पाहावा. रिक्यूच्या बागेतील असागाओची फुले, म्हणजे आपल्याकडील गारवेलीच्या जातीची, सकाळी उमलून दुपारपर्यंत कोमेजणारी फुले, पाहायला हिदेयोशी येणार असतो. रिक्यू बागेतील सगळी फुले खुडून टाकतो आणि चहाच्या खोलीत एकच फूल ठेवतो. ही आख्यायिका रसिकतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण पाहुणा बागेतून चालत येतो तेव्हा त्याला एकही फूल दिसत नाही, आणि काय पाहायचे, कधी पाहायचे, किती पाहायचे हे त्याच्यासाठी दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. तो पाहुणा साऱ्या जपानचा धनी आहे. पुढे जे घडते त्याचे बीज या एका फुलात आहे.

प्रश्न : मी या विषयावरचे तीन चित्रपट पाहिले आणि तिघांनी रिक्यूच्या मृत्यूची तीन कारणे सांगितली. इतिहास नेमके कोणते कारण सांगतो? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : इतिहास घटनाक्रम स्पष्ट सांगतो आणि कारणापाशी येऊन अडखळतो. म्हणूनच दिग्दर्शकांना इतकी मोकळी जागा मिळाली.

घटनाक्रम असा. १५९१ च्या प्रारंभी हिदेनागा आजाराने वारला आणि रिक्यूचा दरबारातील सर्वांत भक्कम आधार गेला. पुढच्याच महिन्यात रिक्यूला क्योतो सोडून साकाईला जाऊन घरात बंद राहण्याचा हुकूम झाला. योदो नदीच्या धक्क्यावर त्याला निरोप द्यायला त्याच्या नामवंत शिष्यांपैकी होसोकावा सान्साई आणि फुरुता ओरिबे हे दोघेच आले. काही दिवसांनी त्याला क्योतोला परत आणले गेले, त्याच्या निवासाभोवती तीन हजार सैनिकांचा वेढा पडला आणि दुसऱ्या चांद्रमासाच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे २१ एप्रिल १५९१ रोजी, त्याने सेप्पुकु केले, म्हणजे पोट चिरून घेऊन प्राण दिले. जपानी गणनेप्रमाणे त्याचे वय सत्तर होते. एरवी व्यापारी कुळातील माणसाच्या वाट्याला ही योद्ध्याची मृत्युरीत येत नसे, हेही लक्षात घ्यावे.

त्याच्यावर ठेवलेले दोष दोन होते. क्योतोतील दाइतोकु-जी या झेन मठाच्या प्रवेशद्वाराचा वरचा मजला रिक्यूने १५८९ मध्ये स्वखर्चाने बांधून दिला होता. कृतज्ञता म्हणून मठाने त्याचा लाकडी पुतळा त्या मजल्यावर बसवला. त्या दारातून सम्राटाचे दूत आणि खुद्द हिदेयोशी जातात, आणि त्यांच्या मस्तकावर पादत्राणे घातलेला एक व्यापारी उभा राहतो, हा पहिला अपराध. चहाची पात्रे अवाच्या सवा किमतीला विकून लोकांना नाडले, हा दुसरा. पुतळा खाली उतरवून इचिजो मोदोरिबाशी या पुलापाशी खांबावर चढवण्यात आला आणि नंतर रिक्यूचे शीर त्याच पुतळ्याच्या पायाखाली ठेवले गेले. माणसाआधी त्याच्या प्रतिमेला शिक्षा देण्याचा हा प्रकार पाहिला, की हिदेयोशीला राग कशाचा आला होता ते थोडेसे कळू लागते. पण पुतळा बसून वर्ष उलटून गेले होते आणि पात्रांची विक्री तर कित्येक वर्षांची होती; मग राग आत्ताच का उसळला? त्यामुळे ही कारणे निमित्ते असावीत, असे बहुतेकांना वाटत आले आहे. कोणी म्हणतात, कोरियावरच्या स्वारीला रिक्यूचा विरोध होता. ती स्वारी पुढच्याच वर्षी, १५९२ मध्ये, निघाली. कोणी म्हणतात, हिदेयोशीने त्याची मुलगी मागितली आणि त्याने दिली नाही. दरबारातील दोन गटांच्या चढाओढीत हिदेयोशीचा कारभारी इशिदा मित्सुनारी याच्या गटाने त्याचा काटा काढला, असेही एक मत आहे.

चित्रपट या कारणांतून आपापले कारण निवडतात आणि त्या निवडीवरून दिग्दर्शक ओळखता येतो. हिरोशी तेशिगाहारा याने 'रिक्यू'मध्ये कोरियाच्या स्वारीवर भर दिला. त्याच्या चित्रपटातील चहागुरूला एका क्षणी सत्तेसमोर मनातले बोलावे लागते आणि बोललेला शब्द मागे घेता येत नाही. 'ओगिन-सामा' या कादंबरीवर १९६२ मध्ये किनुयो तानाका या अभिनेत्री-दिग्दर्शिकेने आणि १९७८ मध्ये केई कुमाई याने चित्रपट केले. त्यांत कथा रिक्यूची सावत्र मुलगी ओगिन हिची आहे. ताकायामा उकोन या ख्रिस्ती सरदारावर तिचे प्रेम असते आणि हिदेयोशीची नजर तिच्यावर पडते. उकोन ऐतिहासिक आहे. धर्मापायी त्याला १६१४ मध्ये देशाबाहेर घालवण्यात आले आणि पुढच्या वर्षी तो मनिलामध्ये वारला. ओगिनची प्रेमकथा मात्र कादंबरीकाराची आहे. २०१३ सालचा 'रिक्यू नि ताझुनेयो', म्हणजे 'रिक्यूलाच विचारा', हा मृत्यूच्या सकाळपासून आरंभ करून काळात मागे मागे जातो आणि रिक्यूच्या तरुणपणी भेटलेल्या एका कोरियन स्त्रीपाशी पोहोचतो. तिची आठवण म्हणून जपलेली हिरवट रंगाची धूपाची डबी ही त्याच्या साऱ्या सौंदर्यदृष्टीची गुरुकिल्ली, असे तो चित्रपट सुचवतो.

आपण विचारले नाही, तरी माझे मत सांगून टाकतो. 'रिक्यू नि ताझुनेयो' देखणा आहे. त्यात चोजिरोचा खराखुरा वाडगा कॅमेऱ्यापुढे वापरला आहे आणि तो हातात धरणाऱ्या ईचिकावा एबिझो या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी रंगभूमीवरील, नटाच्या बोटांतील जपणूक अभिनयापलीकडची वाटते. तरीही सत्तर वर्षांच्या साधनेचे मूळ एका हरवलेल्या प्रेयसीत शोधणे मला उथळ वाटते. रियाझ केलेल्या प्रत्येक गवयाच्या मागे एखादे अपयशी प्रेम असलेच पाहिजे, अशी आपल्याकडच्या काही चित्रपटांचीही समजूत असते. त्यातलाच हा प्रकार.

प्रश्न : संपूर्ण सोन्याची चहाची खोली खरोखर होती, की ती पडद्यासाठी केलेली अतिशयोक्ती आहे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : खरोखर होती. तीन तातामी चटयांची, सुटी करून कुठेही नेता येईल अशी ती खोली होती. भिंती, छत, खांब यांना सोन्याचा पत्रा आणि आतील बहुतेक पात्रेही सोन्याची. १५८६ मध्ये ती राजवाड्यात नेऊन सम्राटाला तिच्यात चहा दिला गेला. पुढच्या वर्षी कितानोच्या मंदिराच्या आवारात झालेल्या महाचहापानातही ती मांडली होती. त्या चहापानाचे निमंत्रण थोरामोठ्यांपासून गरिबांपर्यंत सर्वांना होते. एक आधणाचे भांडे आणि एक वाडगा घेऊन यावे, चहा नसेल तर भाजलेल्या सातूचे पीठ आणले तरी चालेल, असे त्यात म्हटले होते. दहा दिवसांचा हा सोहळा हिदेयोशीने पहिल्याच दिवशी आटोपला. क्यूशूतील बंडाची बातमी आली म्हणून, असे कारण सांगतात.

चित्रपटांत सोन्याची खोली म्हणजे हिदेयोशीचा भपका आणि दोन चटयांची मातीच्या भिंतींची खोली म्हणजे रिक्यूचा साधेपणा, अशी सोपी विभागणी दिसते. ती पूर्ण खरी नाही. सोन्याच्या खोलीच्या रचनेत रिक्यूचा हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्या खोलीत तो हिदेयोशीच्या बाजूने वावरतही होता. उलट हिदेयोशीलाही साधी खोली कळत होती. रिक्यूच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, कोरियाच्या स्वारीच्या छावणीतून पाठवलेल्या एका पत्रात, आपण काल रिक्यूच्या पद्धतीच्या चहापानात जेवलो, असे त्याने लिहिले आहे. स्वतः मारलेल्या माणसाचे नाव त्याने असे सहज लिहावे, यात मला कोणत्याही पटकथेहून अधिक नाट्य दिसते.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी? तोशिरो मिफुने हा एका चित्रपटात रिक्यू आणि दुसऱ्यात हिदेयोशी झाला आहे, असे ऐकले. ते खरे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ते खरे आहे आणि दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे, केई कुमाईचे, आहेत. १९७८ च्या 'ओगिन-सामा'मध्ये मिफुने हिदेयोशी होता आणि ताकाशी शिमुरा रिक्यू. अकरा वर्षांनी 'सेन नो रिक्यू : होन्काकुबो इबुन' या चित्रपटात तोच मिफुने रिक्यू झाला. तलवारीच्या भूमिकांनी जगभर गाजलेला हा नट इथे जवळजवळ काहीच करत नाही. तो बसतो, पाहतो, वाडगा पुढे सरकवतो. पण त्या स्वस्थपणात दबलेली ताकद जाणवत राहते आणि हा चहागुरू सत्तेला का खुपत असावा, ते शब्दांवाचून समजते.

तरीही सुरुवात तेशिगाहाराच्या 'रिक्यू'ने करावी. दोन्ही चित्रपट १९८९ चे, रिक्यूच्या चारशेव्या स्मृतिवर्षाच्या तोंडावरचे आहेत; पण पहिला घटना दाखवतो आणि दुसरा घटना ठाऊक आहेत असे धरून चालतो. जपानी प्रेक्षकाला ही हकिकत लहानपणापासून माहीत असते, जशी आपल्याला आग्र्याहून सुटका माहीत असते. त्यामुळे कोण कोणाचा भाऊ आणि कोण कोणाचा शत्रू, हे सांगत बसण्याची तिथल्या दिग्दर्शकाला गरज वाटत नाही. सातारच्या वाचकांची जी अडचण झाली, तिचे हेही एक कारण असावे.

तेशिगाहाराविषयी एक गोष्ट माहीत असली, तर त्याचा चित्रपट अधिक उलगडतो. त्याचे वडील सोफू यांनी १९२७ मध्ये पुष्परचनेचे सोगेत्सु घराणे स्थापन केले आणि १९८० मध्ये हिरोशी स्वतः त्या घराण्याचा प्रमुख झाला. म्हणजे परंपरेची गादी, शिष्यांची माळ, धनिकांचा आश्रय आणि त्या आश्रयाची किंमत या गोष्टी त्याने घरातच पाहिल्या होत्या. त्याआधीचा त्याचा कथापट १९७२ चा. सतरा वर्षांच्या खंडानंतर त्याने कथापटासाठी हाच विषय घ्यावा, हे अकारण नाही. फुले, बांबू, माती, पाणी यांवर त्याचा कॅमेरा जसा रेंगाळतो, तसा तो हाताने ती हाताळलेल्या माणसाचाच रेंगाळू शकतो. रिक्यूच्या भूमिकेत रेन्तारो मिकुनी आणि हिदेयोशीच्या भूमिकेत त्सुतोमु यामाझाकी आहेत. यामाझाकीचा हिदेयोशी खिदळतो, रुसतो, शिकवणीला बसलेल्या पोरासारखा अवघडतो आणि गुरूने शाबासकी द्यावी म्हणून आसुसतो. तो नुसता खलपुरुष असता, तर चित्रपट निम्म्या मोलाचा झाला असता. गुरूकडून त्याला मान तर मिळतो, पण त्या मानाच्या तळाशी नेमके काय आहे याची खात्री कधीच मिळत नाही, आणि त्याचे दुखणे तेच आहे. तोरु ताकेमित्सुचे संगीत या दोघांच्या मधल्या शांततेला हात लावत नाही, ही त्याची थोरवी.

त्यानंतर 'होन्काकुबो इबुन' पाहावा. रिक्यूच्या मृत्यूला पंचवीसहून अधिक वर्षे लोटली आहेत आणि होन्काकुबो नावाचा त्याचा एक अप्रसिद्ध शिष्य एकांतात राहून मनातल्या मनात गुरूशी बोलतो आहे. नोबुनागाचा धाकटा भाऊ उराकुसाई, जो स्वतः चहाचा जाणकार आहे, तो होन्काकुबोला गाठून एकच गोष्ट विचारत राहतो : क्षमा मागितली असती तर रिक्यू वाचला असता, मग त्याने ती का मागितली नाही? प्रश्न असा फिरवल्याबरोबर सारी कथा पालटते. हिदेयोशीने का मारले, याऐवजी रिक्यूने का मरून घेतले, हे विचारले जाते. रात्रीच्या एका बैठकीत तीन चहागुरू भिंतीवर 'मृत्यू' हे अक्षर लिहिलेला लेख टांगून बसले होते, या आठवणीपाशी हा शोध पुन्हा पुन्हा येतो. त्या तिघांपैकी एकालाही घरच्या अंथरुणावर मरण आले नाही. उत्तर हातात ठेवले जात नाही आणि मला तेच योग्य वाटते. व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य सिंह मिळाला होता.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. २०१७ मध्ये 'हाना इकुसा', म्हणजे 'फुलांची लढाई', नावाचा चित्रपट आला. त्यात रिक्यूच्या मृत्यूनंतर एक पुष्परचनाकार भिक्षू फुलांच्याच साह्याने हिदेयोशीला जाब विचारतो. हा हलकाफुलका, कुटुंबाने मिळून पाहण्यासारखा चित्रपट आहे. त्यातील रिक्यू आहे कोइची सातो, म्हणजे १९८९ च्या रिक्यूचा, रेन्तारो मिकुनीचा, मुलगा.

प्रश्न : वर उल्लेख केलेले तिघे चहागुरू कोण? रिक्यूसारखाच शेवट आणखी कोणाचा झाला का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

(ही विद्यार्थिनी आमच्या मजकुराचा कच्चा खर्डा वाचू शकते असा संशय घेऊ नये. तिने 'होन्काकुबो इबुन' पाहून हे स्वतंत्रपणे विचारले आहे आणि प्रश्न येथे सोयीने जोडून घेतला आहे.)

उत्तर : ते तिघे म्हणजे रिक्यू, यामानोउए सोजी आणि फुरुता ओरिबे. सोजी साकाईचाच, जिभेचा तिखट. हिदेयोशीची मर्जी खप्पा झाल्याने तो भटकत ओदावाराच्या होजो घराण्याच्या आश्रयाला गेला. १५९० च्या वेढ्यात रिक्यूच्या मध्यस्थीने त्याची हिदेयोशीशी भेट घडली. पण तिथेही त्याने काही तरी असे बोलले, की त्याचे नाककान कापून त्याला ठार करण्यात आले. रिक्यू बांबूच्या फुलदाण्या घडवत होता तो हाच वेढा. सोजीने लिहून ठेवलेली टिपणे आज रिक्यूच्या चहाविषयीचे एक विश्वसनीय साधन मानली जातात.

ओरिबे सरदार होता. वाकडे, पिळवटलेले, हिरव्या झिलईचे वाडगे त्याच्या नावाने ओळखले जातात, आणि गुरूच्या शांत काळ्या वाडग्यांशेजारी ते ठेवले तर हा शिष्य किती स्वतंत्र बुद्धीचा होता ते दिसते. तो हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्यातील दुसऱ्या शोगुनाचा, म्हणजे लष्करी सत्ताधीशाचा, चहागुरू झाला आणि १६१५ मध्ये, हिदेयोशीच्या वारसाच्या ताब्यातील ओसाकाच्या किल्ल्याच्या पाडावानंतर, शत्रूशी संधान बांधल्याच्या संशयावरून त्यालाही सेप्पुकुची आज्ञा झाली. त्याने आपल्या बचावासाठी काही सांगितले नाही, असे म्हणतात. तेशिगाहाराने १९९२ मध्ये 'गोहिमे' या चित्रपटात ओरिबेची कथा घेतली. तात्सुया नाकादाई त्यात ओरिबे आहे. 'रिक्यू'ची एकाग्रता त्यात नाही, पण जोडीने पाहण्यासारखा आहे.

रिक्यूचे घराणे मात्र टिकले. त्याच्या सावत्र मुलाला काही वर्षांनी हिदेयोशीनेच परत येऊ दिले. नातू सोतान याने स्वतः कोणाची चाकरी धरली नाही, पण आपल्या मुलांना सरदारांच्या पदरी लावून दिले. त्या मुलांपासून निघालेली तीन घराणी आजही क्योतोत चहा शिकवतात.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त तोक्योत राहतो. या चित्रपटांशी संबंधित कोणत्या जागा पाहता येतील? (एक मराठी वाचक, तोक्यो)

उत्तर : क्योतो आणि ओसाका यांच्या मधल्या यामाझाकी गावी म्योकिआन नावाचे छोटे मंदिर आहे. तेथील 'ताइआन' ही दोन चटयांची खोली रिक्यूने रचलेली आणि आजवर टिकलेली एकमेव चहाची खोली मानली जाते. ती पाहण्यासाठी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते आणि बाहेरूनच डोकावता येते. तिचे जेमतेम अडीच फुटांचे दार अवश्य पाहावे. पाहुणा कितीही मोठा असला तरी तलवार बाहेर ठेवून, गुडघे टेकून, मान वाकवून त्याला आत सरकावे लागे. पडद्यावर हिदेयोशी त्या दारातून आत येतो तेव्हा हसू येते. ते दार समोर पाहिल्यावर येणार नाही. क्योतोत दाइतोकु-जीचे ते द्वार आहे, बाहेरून दिसते. मोदोरिबाशी पूल नंतरच्या काळात बांधलेला असला तरी जागा तीच आहे. साकाईत रिक्यूच्या घराची जागा राखलेली आहे. तोक्योहून सर्वांत सोयीचे म्हणजे आतामीचे एमओए संग्रहालय. तिथे सोन्याच्या खोलीची प्रतिकृती आहे.

माझे ऐकाल तर एकदा नागोयाला जावे. तेथील तोकुगावा कला संग्रहालयात चहाची पूड काढण्याचा बांबूचा एक बारीक चमचा आहे. मृत्यूची आज्ञा झाल्यावर रिक्यूने तो स्वतः कोरला, शेवटच्या चहापानात वापरला आणि ओरिबेला दिला, असे सांगतात. त्याचे नाव 'नामिदा', म्हणजे अश्रू. ओरिबेने त्याच्यासाठी काळ्या रंगाची एक नळी केली आणि तिला एक चौकोनी खिडकी कापली, म्हणजे आतला चमचा समोर ठेवून, दिवंगताच्या नावाच्या पाटीसमोर करतात तसा, त्याला नमस्कार करता यावा. चमचा कायम मांडलेला नसतो, म्हणून आधी चौकशी करून जावे. संग्रहालय ज्या तोकुगावा घराण्याच्या वारशातून उभे राहिले, त्याच घराण्याने ओरिबेला मरणाची आज्ञा दिली होती.